परागकणातील पहारा

(महाबळेश्वर येथील वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



सोयरीक जुळविताना ‘शुद्ध बीज’ हा शब्द आपल्यांत मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. बीज म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अचल राहणारी ठेव, अशी त्यामागे समजूत असते. ती कितपत खरी, हे पाहावयास दूर जावयास नको. वेण्णा तलावाकाठी मिळणाऱ्या मक्याच्या कणसापासूनच आम्ही आरंभ करतो.

मक्याच्या काही वाणांत दाण्यांवर जांभळे ठिपके असतात. त्यांचे कोडे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक ह्या अमेरिकन विदुषीने १९४० नंतरच्या दशकात उलगडले. रंग देणाऱ्या जनुकात एखादा भटका अंश येऊन बसला, की रंग लोपतो. दाणा वाढत असता तो उठून गेला, की तेथून पुढच्या पेशींत रंग परततो. लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. १९५१ साली विद्वत्सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोते थंडच राहिले. नोबेल पारितोषिकास १९८३ साल उजाडले. (मुलगी फार शिकली तर तिचे लग्न कसे व्हावे, ही चिंता त्यांच्या मातोश्रींनाही होती, आपल्याकडील वधूपित्यांनी हे ऐकून ठेवावे.)

२००९ साली मक्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो सुमारे ८५ टक्के अशाच भटक्या अंशांचा निघाला! त्यांपैकी बहुतेक निद्रिस्त असतात. वनस्पती त्यांवर जणू रासायनिक मोहोर उठवून ठेवते. परंतु वंश पुढे जाण्याच्या क्षणी ते जागे झाले तर?

त्याच वर्षी, मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस ह्या चिमुकल्या रोपावरील संशोधनातून मोठी नवलाची गोष्ट कळली. परागकणात एक मोठी पेशी असते व तिच्या पोटात दोन नरपेशी. मोठी पेशी नलिका काढून नरपेशींना बीजांडापर्यंत पोहोचविते. तिचा स्वतःचा जनुकसंच संततीत उतरत नाही. नेमके तिच्यातच भटके अंश जागे होतात. त्यांपासून निघालेले आरएनएचे सूक्ष्म तुकडे नरपेशींत आढळतात, आणि तेथील अंशांना ते दडपून ठेवीत असावेत, असे संशोधकांचे अनुमान आहे. जिला वंश चालवावयाचा नाही, तिने दंगा आपल्या घरी सोसावा आणि वंश चालविणाऱ्यांस सावध करावे, असा हा प्रकार. ज्यास आपण अचल ठेव म्हणतो, तिच्याभोवती असा अष्टौप्रहर पहारा आहे.

येथे कोणी विचारील, की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे काय? शेतकरी तिची लागवड बियांपासून करीत नाहीत. जमिनीसरपट धावणाऱ्या फुटव्यांपासून, म्हणजे रनरपासून, तिची रोपे होतात. ह्या मार्गात पराग नाही, म्हणून परागातील पहाराही नाही. फळ नीट भरावयास मात्र तिलाही पराग लागतोच. तो अपुरा पडला, की फळ वेडेवाकडे होते.