अकाउंटंटला काय विचारायचं?



मार्च संपत आला की आपल्या तिवसा तालुक्यात एक चित्र हमखास दिसते. गटाची अध्यक्ष अन् सचिव, हातात थैली, थैलीत वर्षभराच्या चिठ्ठ्या, अन् चालल्या अमरावतीले. थैली अकाउंटंटच्या टेबलावर ठेवायची, "पाहा बाप्पा तुम्हीच" म्हणायचं, सही करायची, परत यायचं. फी आपण देतो, मग त्या बदल्यात फक्त सहीचा कागद काहून घ्यायचा? धंद्यात पैसा उरते की नाही, हेही त्याले विचारा ना.

पापडाचंच घ्या. समजा 10 किलो उडदाचे पापड केले, 320 रुपये किलोनं विकले. आले 3,200. डाळ, पापडखार, मिरे, तेल यांचे 1,900 गेले. उरले 1,300. आपण म्हणतो, नफा झाला. पण दळण 80, पॅकेट-लेबल 150, गाडीभाडं 200 काढा. राहिले 870. आता चार बाया दोन दिवस राबल्या, म्हणजे आठ रोज. एका रोजाचे पडले जेमतेम 108 रुपये. इतक्यात तर निंदणालेही कोणी येत नाही!

अकाउंटंटच्या कागदावर मात्र नफाच दिसते. कारण आपल्या मेहनतीची चिठ्ठी थैलीत नसते, अन् तो लिहिते चिठ्ठ्या पाहून. म्हणून कोण किती दिवस राबली हे वहीत मांडा, वही त्याच्यापुढे ठेवा अन् विचारा, "भाऊ, आमची मजुरी धरली तर भाव किती पाहिजे?" पापडात उरते की मसाल्यात, हेही वेगळं काढायले सांगा.

ही वही धंद्याची. ग्रामसंघाची लिपिका ताई लिहिते तो बचत-कर्जाचा हिशोब वेगळा, त्यात हे मिसळू नका. रोजची विक्री रोज लिहा. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात स्टॉल लावला की गल्ल्यातूनच घरचा भाजीपाला येते. घ्या, पण लिहून घ्या.

अन् तो क्यूआर कोड! बऱ्याच स्टॉलवर तो पोराच्या नाहीतर मालकाच्या खात्याचा असते. विक्री आपली, जमा त्यांच्या खात्यात. उद्या बँकेत प्रकरण टाकलं की साहेब आपलं पासबुक पाहतात, अन् त्यात काहीच नसते. गटाच्या धंद्याचा क्यूआर गटाच्या खात्याचाच पाहिजे.

प्रकरणावरून आठवलं. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के अनुदान आहे, एका उद्योगाले जास्तीत जास्त 10 लाख. बाकीचं कर्ज आपल्यालेच फेडायचं असते. प्रकल्प अहवालात कधी कधी विक्रीचे आकडे फुगवलेले असतात. सही करण्याआधी बसून विचारा : महिन्याले इतके किलो आपण खरंच विकू का? किस्त किती? पावसाळ्यात पापड बंद असतात, तेव्हा ती कशातून भरायची? अकाउंटंट घाईत असला तर दुसऱ्या दिवशी जा. सहीले घाई करू नका.

फी किती, त्यात काय काय येते, हे पहिल्याच दिवशी ठरवा अन् पावती घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. कोणी भरून देण्याचे पैसे घेतले तर ती त्याची मेहनत, सरकारची फी नाही. रिटर्न भरलं की पोचपावतीची प्रत मागा. नोंदणीत मोबाईल नंबर गटातल्या बाईचा द्या, अकाउंटंटचा नाही. नाहीतर ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, अन् उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं की आपण अडकलो. मूळ कागद गटाच्या पेटीत, त्याले झेरॉक्स.

वर्षातून एकदा जाण्यापेक्षा तीन महिन्यांनी एकदा जा, दोघीजणी मिळून. एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं. समजलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायले लाजू नका. पुढच्या मासिक बैठकीले प्रत्येक गटानं आपल्या एका मालाचा हिशोब, पापडाचा काढला तसा, मजुरी धरून लिहून आणावा. भाव किती ठेवायचा ते तिथंच बसून पाहू.