मुतखडा गेला, पण हे काय झालं?

हेडफोन लावा, आजचा विषय जरा खासगी आहे.

दुर्बिणीने माझा मुतखडा काढला आणि आत डीजे स्टेंट ठेवला. मिरवणुकीतला डीजे नव्हे! मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची मऊ नळी, लघवीची वाट मोकळी ठेवणारी.

डिस्चार्जच्या वेळी ‘पाणी भरपूर प्या’ सांगितलं. सेक्सबद्दल अवाक्षर नाही. शेजारी आई उभी, मी तरी कसं विचारणार? घरी आल्यावर लक्षात आलं, वीर्य बाहेरच येत नाही. जाम टेन्शन!

फॉलोअपला डॉक्टरांना थेट विचारलं. कारण निघालं टॅमसुलोसिनची गोळी. स्टेंटचा त्रास कमी व्हावा म्हणून ती देतात. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, आणि तिच्यामुळे असं होऊ शकतं. गोळी थांबली की सहसा पूर्ववत होतं. पण मनाने बंद करू नका. आणि मेडिकलमधून ‘ताकदीची गोळी’ तर आणूच नका. दोन्ही मिळून बीपी एकदम खाली येऊ शकतं.

स्टेंट असताना संबंध ठेवायला सहसा हरकत नसते, तरी डॉक्टरांना विचारा. कमरेत कळ, जळजळ, थोडं रक्त दिसू शकतं. दुखलं तर थांबा, जोडीदाराला कारण सांगा. स्टेंटचा दोरा बाहेर असेल, तर तो निघेपर्यंत नकोच.

थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि स्टेंट काढायची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका. विसरलेल्या स्टेंटवर पुन्हा खडे साचतात!