मोटारीला ताप येतो तेव्हां

आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटेल. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेल्या आणि आतां निवृत्त होऊन बसलेल्या माझ्यासारख्या गृहस्थानें मोटारीच्या दुखण्याविषयीं काय बोलावें? परंतु माझ्या भाच्याच्या मोटारीनें मला एक धडा दिला, तो मोटार नसलेल्यांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून मी तो आपणांस सांगणार आहें.

भाच्याची मोटार शर्यतीच्या धर्तीची; दोन दारांची, बुटकी, जमिनीला चिकटून धांवणारी. जुनी विकत घेऊन तिच्यांत त्यानें हौसेप्रमाणें फेरफार करविले. इंजिनांत अधिक हवा दाबून भरणारा टर्बो बसविला. ती हवा थंड करण्यासाठीं रेडिएटरच्या पुढें आणखी एक जाळी लावली. मग जागा अपुरी पडली म्हणून रेडिएटरमागचा मूळचा पंखा काढून तेथें विजेवर चालणारे दोन पातळ पंखे घातले. अशा फेरफारांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मर्यादा घातल्या आहेत, हें मीं त्याला बजाविलें होतें; पण तो आजचा विषय नव्हे.

एके दिवशीं आम्ही दोघे पुण्याहून पांचगणीस निघालों. महामार्गावर मोटार वाऱ्यासारखी चालली. खंबाटकीचा चढसुद्धां ती वेगानें चढून गेली. तपमानाचा कांटा जागचा हालला नाहीं. वाई सोडून पसरणीच्या घाटास लागलों, तों पुढें एक एस्. टी. आणि तिच्यापुढें मालानें लादलेला ट्रक. पावलापावलानें चालणें आलें. थोड्याच वेळांत कांटा वर सरकला आणि समोर तांबडा दिवा लागला.

भाच्यानें मोटार बाजूस घेऊन इंजिन बंद केलें. येथपर्यंत ठीक झालें. परंतु लगेच खालीं उतरून तो रेडिएटरच्या बुचाला हात घालूं लागला. मीं त्याचें मनगट धरलें. म्हटलें, "अरे, वाफ जिरण्याआधीं कुकरचें झांकण तुझ्या आईनें कधीं काढलेलें पाहिलेंस का?"

श्रोतेहो, उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंशांस उकळतें. पण बुचानें कोंडलेल्या पाण्यावर वातावरणाच्या दाबाखेरीज आणखी जवळजवळ तेवढाच दाब असला, म्हणजे तें १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. बूच सैल करतांच तो दाब नाहींसा होतो, आणि क्षणापूर्वीं शांत असलेलें पाणी एकदम उकळून तोंडावर उडतें. म्हणून इंजिन पुरतें निवेपर्यंत बुचाला हात लावूं नये. आम्ही तासभर रस्त्याच्या कडेला बसून राहिलों. मग बूच काढून पाहिलें, तर पाणी भरलेलें होतें.

पुण्यास परतल्यावर मोटार मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री हाताचा कसबी. त्यानें प्रथम थर्मोस्टॅट बदलला. आंतलें मेण तापून वितळलें, म्हणजे ऐशी-नव्वद अंशांच्या सुमारास उघडणारी आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी ही झडप. नंतर उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. शेवटीं रेडिएटरच नवा घातला. प्रत्येक वेळीं महामार्गावर फेरी मारून दुखणें बरें झाल्याची ग्वाही दिली जाई, आणि प्रत्येक वेळीं शहराच्या गर्दींत दिवा पुन्हां लागे. अखेर तो म्हणाला, "गुरुजी, हा दिवाच खोटा बोलतो. त्याची तार काढून टाकतों."

भाचा कबूलहि झाला. पुढच्या रविवारीं त्याला आईला घेऊन महाबळेश्वरास जावयाचें होतें. हें ऐकून मात्र मला स्वस्थ बसवेना. ज्वरमापक फोडल्यानें ताप उतरत नाहीं. इंजिन अति तापलें तर त्याच्या माथ्याचा धातु वांकतो, सांधे फुटतात आणि हजारोंचें काम लाखावर जातें. शिवाय तें घाटांत, भर वळणावर बंद पडलें तर काय? आणि आंत माझी बहीण.

मीं मिस्त्रीला म्हटलें, "तार उद्यां काढा. आज दिवा खोटा कीं खरा, एवढें पाहूं." दुरून उष्णता मोजणारें एक यंत्र मिळतें. दिवा लागलेला असतांना तें थर्मोस्टॅटच्या धातूच्या घरावर धरलें. मोटारीच्या संगणकांतला आंकडा आणि या यंत्राचा आंकडा जवळजवळ एकच आला. दिवा खरें बोलत होता.

मग मीं कागद घेतला आणि काय बिघडलें हें न लिहितां, केव्हां बिघडतें हें लिहिलें. वेगांत, चढावर, इंजिनावर भार असतांना दिवा लागत नाहीं. यावरून पंप, पाण्याचा प्रवाह आणि रेडिएटर आपलें काम करीत असले पाहिजेत. थंड इंजिनांत पाहिलें तर पाणी कधीं कमी होत नाहीं. म्हणजे गळती नसावी. तें विनाकारण कमी होत असतें, तर ज्वलनाचा वायु पाण्यांत शिरतो कीं काय हें पाहावें लागलें असतें. त्यासाठीं एक निळें द्रव असतें, तें कार्बन डायॉक्साइडनें पिवळें पडतें. आमच्या प्रकरणांत तिकडे जाण्याचें कारण नव्हतें. दिवा लागतो तो मोटार हळू चालतांना किंवा उभी असतांनाच. वेगांत वारा आपोआप येतो. उभ्या मोटारीला तो पंख्यानें ओढून आणावा लागतो. तेव्हां संशय पंख्यावर.

"पंखे तर फिरतात!" दोघेहि एकदम म्हणाले. खरेंच, ते फिरत होते. आवाजहि मोठा होता.

मीं हातांतला तोच कागद मोटारीच्या पुढच्या जाळीशीं धरला आणि वातानुकूलन सुरू करावयास सांगितलें. पंखे फिरूं लागले. आंत ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यानें कागद जाळीला चिकटावयाचा, तो उलट माझ्या अंगावर आला! नवे पंखे बसवितांना त्यांच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. अशा मोटरींत विजेची दिशा बदलली कीं फिरण्याची दिशा बदलते, हें आपण शाळेंतल्या मुलांना सांगतों. पंखे रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजीं इंजिनाची गरम हवा पुढें लोटीत होते.

तारा बदलावयास पांच मिनिटें लागलीं. रविवारीं माझी बहीण, भाचा आणि मी पसरणीच्या घाटांतून गेलों. याहि वेळीं पुढें ट्रक होता. कांटा मध्यावर स्थिर राहिला. बहिणीला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. ती कृष्णेचें खोरें पाहत होती.

श्रोतेहो, मिस्त्रीला हंसण्याचा मला अधिकार नाहीं. 'पंखा फिरतो का?' असा प्रश्न त्यानें केला आणि उत्तर खरें मिळालें. 'वारा कुणीकडे जातो?' हें विचारावयाचें राहिलें. मीहि आयुष्यभर वर्गांत 'समजलें का?' म्हणून विचारीत आलों. मुलें माना हालवीत, आणि मी पुढचा धडा घेई. हालणाऱ्या माना पाहून ज्यांचें न समजतांच राहून गेलें असेल, अशीं किती मुलें असतील, याचा विचार त्या दिवशीं घाटांत मनांत आला.

तेव्हां आपल्या मोटारींत तांबडा दिवा लागला तर थांबा, निवूं द्या, आणि तो केव्हां लागला तें आठवून लिहून ठेवा. आपल्याच हातानें अलीकडे काय बदललें, तेंहि त्याखालीं लिहा. दिव्याची तार मात्र काढूं नका.