पाणी झाडाला नव्हे, मुळाला
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



फळबाग लावा, असे आम्हाला सगळेच सांगतात. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर योजना आली. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे ठरले आणि कोरडवाहू बागेत ८० टक्के झाडे जगली पाहिजेत, अशी अट पडली. म्हणजे झाडे वाळली की लावणीची मेहनत जाते आणि पुढचा हप्ताही जातो. वर ठपका आमच्यावरच, की शेतकऱ्याने पाणी घातले नाही.

पाणी तर आम्ही घातले होते. मुरमाड माळावर एकरात ४० आंब्याची कलमे लावली. घरच्या बायकांनी उन्हाळाभर डोक्यावरून पाणी आणले, रोज झाडागणिक दोन तांबे ओतले. मे महिन्यात निम्म्याहून जास्त कलमे वाळली. एक उकरून पाहिले. खड्डा तीन फुटांचा, पण मुळ्या वरच्या वीतभर मातीतच. खाली माती कोरडी ठाक.

चूक तिथे कळली. रोज थोडे पाणी घातले की वरची चार बोटे माती भिजते आणि दुपारपर्यंत ऊन ती सुकवते. मूळ कोरड्या मातीत पाणी शोधायला जात नाही. जिथे ओल, तिथेच ते वाढते. ओल खाली नेली, तरच मूळ खाली जाते.

दुसऱ्या वर्षी आम्ही मडकी पुरली. दहा लिटरचे साधे भाजलेले मडके घ्या, रंग दिलेले नको. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. खोडापासून फूट-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी क्षाराचे असेल तर मडक्याची छिद्रे बुजतात. पाणी उतरेनासे झाले की मडके बदला.

मडके नसेल तर दोन फुटांचा जुना पाइप चालतो. खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडा, आत खडी भरा, उभा पुरा आणि त्यातून पाणी सावकाश सोडा. ठिबक असेल तर रोज दहा मिनिटे नको; दोन-तीन दिवसांआड, पण जास्त वेळ चालवा. झाड वाढेल तशी तोटी खोडापासून लांब सरकवा.

वर पाचटाचे किंवा गवताचे आच्छादन हवेच, मात्र खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. मोसंबीचे खोड तर भिजू देऊच नका, डिंक्या येतो. काळ्या भारी जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून पाळी लांबवा. साचले तर मूळ कुजते. मुरमाड जमिनीत पाणी झटकन खाली जाते, म्हणून थोडे-थोडे, पण खोलवर द्या. ओल कुठवर गेली ते लोखंडी सळई खुपसून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड लागली की अडते.

आता हिशेब. ४० झाडांना एका पाळीला ४०० लिटर, म्हणजे दोन टिपाडे. आठवड्याला दोन पाळ्या धरल्या तर ८०० लिटर. फेब्रुवारीपासून पावसापर्यंतच्या अठरा आठवड्यांत १४,४०० लिटर. दहा हजार लिटरचे जेमतेम दीड टँकर! एवढ्यात एकराची बाग उन्हाळा काढते.

भावांनो, हे पाणी विकतचे असो वा विहिरीचे, ते वाहून आणणाऱ्या मायबहिणींची मजुरी बागेच्या खर्चात मांडा. आजवर आम्ही ती कधी धरलीच नाही. धरली असती, तर रोजचे दोन तांबे पहिल्याच वर्षी बंद झाले असते.