चकलीची फणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन ४२ वर्षं झाली. आयोजकांनी सांगितलं, "निवृत्तीनंतर काय करतेस यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, कुत्रीचे केस विंचरते. ते हसले. पण खरंच, रोजची वीस मिनिटं त्यातच जातात, म्हणून त्यावरच बोलते. तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी मघाशी चहाच्या वेळी मला फोटो दाखवले: मुलानं आणलेलं पिल्लू, सुनेनं आणलेलं पिल्लू. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. आणि पिल्लू डोंबिवलीत, आपल्याकडे. तेव्हा विषय अगदीच माझ्या एकटीचा नाही.

आमची चकली २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आली. मुलगा घरून काम करत होता, त्यानं आणली. पूडल आणि मॉल्टीज यांचा संकर, वजन आज साडेपाच किलो. अंगभर कुरळे केस, म्हणून नाव चकली. त्याला सांगितलं होतं, "या जातीचे केस गळत नाहीत, वास येत नाही, फ्लॅटसाठी उत्तम." दोन वर्षांनी तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. चकली राहिली. मी तोवर बँकेतच होते, हेही नोकरीत. आठची फास्ट पकडायची आणि संध्याकाळी साडेसातला घरी यायचं. म्हणजे जवळजवळ बारा तास ती एकटी. शेजारच्या काकूंनी एकदा हळूच सांगितलं, "अगं, दुपारी ती रडते." मला वाटलं होतं, झोपत असेल.

आता त्या केसांबद्दल. केस गळत नाहीत ही थाप नाही, पण ते अर्धं वाक्य आहे. केस सुटतात, पण जमिनीवर न पडता कुरळ्यांत अडकून राहतात. रोज कातडीपर्यंत फणी घातली नाही तर त्यांचा गुंता होतो, गुंत्याची जट होते आणि जट कातडी ओढत राहते. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली सगळ्यात आधी. वरून ब्रश फिरवला की दिसायला छान दिसतं, आत नमदा तयार होत असतो. त्यात मी दर रविवारी अंघोळ घालायचे, गुंता न सोडवता. ओला गुंता वाळला की आणखी घट्ट होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हे सुटणार नाही, सगळं काढावं लागेल." मशीननं केस काढले तेव्हा खालची कातडी लालबुंद होती. टेबलावर ती थरथरत उभी होती. रिक्षात मी तिच्याकडे बघू शकले नाही. कुणी मारलं नव्हतं तिला. आम्ही सगळे तिचे लाडच करत होतो.

पुढच्या जुलैत तिनं दोन दिवस जेवण सोडलं. मी म्हटलं, दमट हवा आहे, होतं असं. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसल्या. तपासणीत गोचीड ताप निघाला, प्लेटलेट्स खूप खाली गेल्या होत्या. गोचीड पायाच्या बोटांमध्ये, दाट केसांत होती. मी त्या आठवड्यात फणी घेतलीच नव्हती, बँकेत ऑडिट चालू होतं. चार आठवडे गोळ्या चालल्या आणि ती वाचली. आणि मला तेव्हा कळलं की फणी ही सजावट नव्हे. फणी फिरवताना गोचीड सापडते, कानाचा वास कळतो, गाठ हाताला लागते. त्याच वर्षी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. एकट्या चकलीसाठी दिला असं म्हणणार नाही, पण अर्ज लिहिताना ती पायाशी होती.

मग मी वाचायला लागले. पूडल हा मूळचा पाण्यातला शिकारी कुत्रा, मारलेली बदकं पोहत जाऊन आणणारा. त्याच्या जर्मन नावातच पाण्यात डुबकण्याचा अर्थ आहे. ती विचित्र केशरचनासुद्धा कामाची होती: पोहायला अडचण नको म्हणून केस कापायचे आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढ्याच जागी ठेवायचे. त्याचा संकर गाजला तो १९८९च्या सुमारास ऑस्ट्रेलियात. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. वॉली कॉन्रन यांनी लॅब्राडोर आणि पूडलची तीन पिल्लं तयार केली. तिघांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. हे लक्षात ठेवा, कारण आजही संकराचं पिल्लू कुणावर जाईल ते सांगता येत नाही, आणि ॲलर्जी केसांमुळेच नाही तर लाळ आणि कोंड्यामुळेही होते. पुढे जगभर अशा कुत्र्यांची फॅशन आली, नीट न तपासता पैदास सुरू झाली आणि कॉन्रन यांनीच आपल्याला पश्चात्ताप होतो असं सांगितलं.

आपल्या शाळेच्या व्हरांड्याखाली झोपणारा पिवळा कुत्रा आठवतो? डब्यातली पोळी खायचा, पावसात भिजायचा, अंग झाडलं की कोरडा. त्याला कधी कुणी फणी लावली नाही आणि त्याचं काही अडलं नाही. चकलीचं अडतं. तिला रानात सोडली तर दृष्टीवर केस येऊन ती वर्षभरात चाचपडायला लागेल. असे केस तिनं मागितले नव्हते. माणसाला सोफ्यावर केस नको होते म्हणून तिला तसं घडवलं. आपली सोय तिच्या अंगावर वाढते आहे, तर ती विंचरण्याचं काम आपल्याकडेच येणार. बाई, नामदेवांची गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितली होती: कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी पोळी खाऊ नकोस म्हणून. तेव्हा मला ती भक्तीची गोष्ट वाटली होती. आता वाटतं, त्यात वाटी घेऊन धावण्याचे कष्टही आहेत.

(अर्थात चकलीला तूप देऊ नका. पाच किलोच्या जिवाला आपला एक गुलाबजाम म्हणजे मेजवानी होते.)

ज्यांच्या घरी असं पिल्लू आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहेत, म्हणजे शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी मनानं कधीही देऊ नका. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा लावा, लहान कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. गुळगुळीत लादीवर पाय घसरून गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून नखं आणि तळव्यांमधले केस कापा. दात रोज घासा. एप्रिल-मेमध्ये फिरवण्याआधी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर तिच्या पायांनाही बसतो. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. दिवाळीत फडके रोडला गर्दी उसळते तेव्हा आम्ही आतल्या खोलीत, पंखा मोठा आणि रेडिओ चालू. कटिंग दर दीड-दोन महिन्यांनी. तिचं बिल माझ्या पार्लरच्या बिलापेक्षा जास्त येतं, हे आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

रेबीजची लस दरवर्षी, आणि पालिकेचा परवाना. आणि कुणालाही, कुठल्याही कुत्र्यानं चावलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद, चुना काही लावत बसू नका. रेबीज झाल्यावर इलाज नसतो.

सोसायटीचा प्रश्नही येतोच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. पण आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांना लहानपणी कुत्रा चावला होता. त्यांच्यासमोर मी तो कागद काढला नाही. ते लिफ्टपाशी असले की आम्ही जिन्यानं जातो. घाण उचलायची पिशवी माझ्या हातात दिसेल अशी धरते. परवा त्यांनी विचारलं, "आज तुमची ती दिसली नाही?"

शेवटचा हिशेब. गणिताचे सर समोर बसलेत, त्यांनी तपासावा. ही जात बारा ते पंधरा वर्षं जगते. चकली पाच वर्षांची, मी ५८ची. ती चौदाची होईल तेव्हा मी ६७ची. तेव्हा माझे गुडघे मला जिन्यावरून उतरू देतील का? मी इस्पितळात असले तर पहाटे तिला कोण नेईल? आम्ही दोघांनी भाचीशी बोलून ठेवलंय. तिला महिन्यातून एकदा बोलावते आणि फणी तिच्या हातात देते, म्हणजे चकलीला तो हात सवयीचा होईल. लसीचं कार्ड, औषधं, डॉक्टरांचा नंबर एका वहीत लिहून ठेवलंय. बँकेत लोकांना वारसाचं नाव लावायला सांगण्यात माझी तीस वर्षं गेली, हेही तेच.

म्हणून कुणी मला विचारलं, "आम्हीही घेऊ का असं पिल्लू?" तर मी तीन प्रश्न विचारते. दिवसा घरी कोण आहे? रोज वीस मिनिटं कोण देईल? आणि तुमच्यानंतर कोण? तीन नावं आली तर जरूर घ्या, पण त्याची आई बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७च्या नियमांनुसार बेकायदा आहे. नाव आलं नाही, तर माझ्याकडे या. पहाटे साडेपाचला आम्ही खाली असतो. चकली तुम्हालाही ओळखायला लागेल.

मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. त्याचा आवाज आला की ती फोनच्या मागे जाऊन त्याला शोधते. तो गप्प होतो. मग विचारतो, "आई, विंचरलंस का आज?" मी म्हणते, "हो रे."

आज अजून विंचरायचं राहिलंय. म्हणून मी थांबते.