किशोरवय, तंबाखू आणि घरातला संवाद

१० ते १९ या वयाला जागतिक आरोग्य संघटना किशोरवय म्हणते. या वयात मेंदूतले भावनांचे आणि नवलाईच्या ओढीचे भाग आधी जोर धरतात. परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून मित्रांच्या आग्रहाने तंबाखूची पहिली चिमूट तोंडात टाकणाऱ्या मुलाला 'वाया गेला' म्हणणे हा अन्यायच आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा देशभर गुन्हा आहे. तरीही पुडी मुलांच्या हाती पडते, आणि तिथे घरातले बोलणेच कामी येते. हे बोलणे उलटतपासणीचे नसावे. 'खाल्लीस का?' या प्रश्नाला बहुधा खोटे उत्तर मिळते. 'कुणी आग्रह केला तर काय म्हणशील?' असे विचारले, की मूल मोकळे होते आणि नकाराचे शब्दही त्याच्यापाशी तयार राहतात. कर्करोग त्याला फार दूरचा वाटतो. न सुटणारी तलफ, डागाळलेले दात, पुरते न उघडणारे तोंड ही कारणे लवकर पटतात. घरातले मोठे माणूस स्वतः तंबाखू मळत असेल, तर ती सोडण्याची धडपड त्याने मुलांपुढे उघडपणे करावी.

मुलाने कबुली दिली, तर त्याला मारू नये. नाहीतर तो पुन्हा काही सांगणार नाही.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे १८०० ११ २३५६.