पुडीतला जीव जिवंत आहे का?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "स्युडोमोनास लावलं, तरी हरभरा मर रोगानं गेलाच. मग उपयोग काय?"

माझंही असंच झालं होतं. बियाण्याला किलोला 10 ग्रॅम चोळलं, सगळं रीतसर. तरी फुलोऱ्यात झाडांनी माना टाकल्या. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ, म्हणजे फ्युजेरियम बुरशी. चूक कुठे? पुड्या मे महिन्यात आणल्या आणि पेरणीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या.

अहो, ते जिवंत जिवाणू असतात. बॅसिलस बीजाणू करून ऊन काढतो, स्युडोमोनासला ते जमत नाही. जिवंत राहिला, तर मात्र मुळांवर बिऱ्हाड करतो, मातीतलं लोह ओढून घेऊन बुरशीला उपाशी ठेवतो, वर तिला मारक द्रव्यंही सोडतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सलग गहू घेतलेल्या रानांत 'टेक-ऑल' हा मुळांचा रोग आधी वाढला, मग आपोआप ओसरला. ती करामत याच कुळातल्या जिवाणूंची.

तेव्हा पुडी घेताना तारीख बघा, दुकानात ती कुठे ठेवलीय तेही बघा. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी, जिवाणू शेवटी. बियाणं सावलीत सुकवा, लगेच पेरा. वाणही विजय, दिग्विजयसारखा मर सोसणारा घ्या. आणि झाडानं मान टाकल्यावर आळवणी करून ते परत उठत नाही, दुकानदार काहीही सांगो.